सोसायटीचे जुने सॉफ्टवेअर ब्राउझरवर नेताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे मोफत सुरक्षा-अपडेट बंद केले. बहुतेक कार्यालयांसाठी त्याचा अर्थ 'नवा संगणक घ्या' इतकाच होता. पण ज्या पतसंस्था, विकास सोसायट्या, खरेदी-विक्री संघ आणि बाजार समित्यांचा हिशेब अजून डॉसवरच्या (विंडोजआधीच्या, फक्त अक्षरी पडद्याच्या प्रणालीवरच्या) क्लिपर किंवा फॉक्सप्रो या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो, त्यांच्यापुढचा प्रश्न मोठा आहे. हे सोळा-बिट प्रोग्रॅम विंडोजच्या फक्त ३२-बिट आवृत्तीवर थेट चालतात आणि विंडोज ११ला ३२-बिट आवृत्तीच नाही. संगणक बदलला की वर्षानुवर्षे चाललेला तो काळा पडदा उघडणारच नाही.

अशा वेळी 'सगळे ब्राउझरवर आणून देतो' अशी दरपत्रके येतात. ब्राउझरवर जाणे योग्यच आहे. शाखा जोडता येतात, बॅकअप एका जागी राहतो, प्रत्येक टेबलावर वेगळे इन्स्टॉलेशन करावे लागत नाही. माझा आक्षेप आहे तो संस्था त्या दरपत्रकात काय मागतात यावर. संचालक मंडळाच्या सभेत रंग, लोगो आणि आलेख दाखवले जातात. एक भरणा किती कळा दाबून होतो, जुन्या फाइलमधल्या रद्द नोंदी कुठे जाणार, पासबुक कसे छापले जाणार, हे विचारलेच जात नाही. संस्था अडकते ती नेमकी या तीन ठिकाणी.

पहिली गोष्ट, घाबरून करार करू नये. क्लिपरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, हाताशी असेल तर त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा 'हार्बर' नावाचा मुक्त कंपायलर आहे. तो बहुतेक क्लिपर कोड थोड्या फेरफारांनी ६४-बिट विंडोजवर किंवा लिनक्सवर चालवतो. डीबीएफ (नोंदींच्या) आणि एनटीएक्स (त्यांच्या अनुक्रमणिकेच्या) फाइली त्याला जशाच्या तशा वाचता येतात. लिनक्सवर तो प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या खिडकीत, उघडतो आणि ते टर्मिनल एक्सटर्म-जेएस (ब्राउझरमध्ये टर्मिनल दाखवणारे साधन) व वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत चालू राहणारी जोडणी) वापरून ब्राउझरच्या खिडकीत दाखवता येते. त्यातून दिसणारा पडदा तोच जुना असतो, पण संस्थेला नीट विचार करायला वर्ष-दोन वर्षांची उसंत मिळते. मूळ डॉसचा प्रोग्रॅम मात्र अशा रीतीने ब्राउझरमध्ये आणता येत नाही, कारण तो अक्षरे थेट व्हिडिओ मेमरीत लिहितो. टर्मिनलकडे अक्षरांचा प्रवाह पाठवतच नाही. त्याला इम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लागतो. फॉक्सप्रोवाल्यांचा मार्ग आणखी अरुंद आहे. त्या घराण्यातल्या शेवटच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ९चा आधारही मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये संपवला.

काही पुरवठादार मधला मार्ग सुचवतात. मागे जुना प्रोग्रॅम तसाच चालू ठेवायचा आणि त्याच्या पडद्यावरची अक्षरे त्यांची जागा पाहून उचलायची, उदाहरणार्थ सातव्या ओळीच्या बाविसाव्या अक्षरापासून नाव, आणि ती वेबपानावर दाखवायची. आयबीएमच्या मोठ्या संगणकांना जोडल्या जाणाऱ्या ३२७० आणि ५२५० टर्मिनलवर हे बऱ्यापैकी भरवशाने चालते. तिथे पडदा एकगठ्ठा येतो, प्रत्येक रकान्याची हद्द ठरलेली असते आणि कीबोर्ड मोकळा झाल्याचा स्पष्ट इशारा मिळतो. व्हीटी१०० घराण्याच्या टर्मिनलवर, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या युनिक्स यंत्रणांत, अक्षरे एकेक करून येतात आणि 'पडदा पूर्ण झाला' असे सांगणारी खूणच नसते. मग कोणीतरी 'अर्धा सेकंद थांबा' असे कोडमध्ये लिहून ठेवतो. एरवी ते चालते. महिनाअखेरीस सर्व्हर मंदावला की मागच्या खातेदाराची शिल्लक पुढच्याच्या नावापुढे दिसते. हा मार्ग घ्यायचाच असेल तर वेळेवर विसंबू नये. कर्सर ठरलेल्या जागी आला का आणि पडद्यावरचा खाते क्रमांक आपण मागितलेलाच आहे का, हे दरवेळी तपासून घ्यावे. पैशांच्या नोंदी करायला मी हा मार्ग सुचवणार नाही, शिल्लक पाहण्यापुरता ठीक आहे.

बहुतेक संस्थांना शेवटी नव्याने लिहिलेला प्रोग्रॅमच लागेल. तो लिहिताना सर्वांत दुर्लक्षित राहतो तो कीबोर्ड.

जुन्या पडद्यावर २५ ओळी आणि ओळीत ८० अक्षरे एवढीच जागा असे, त्यामुळे नाव, शिल्लक, येणे व्याज आणि नोंदीचे रकाने एका नजरेत बसवलेले असत. काउंटरवरचा अनुभवी कर्मचारी मेन्यूचे २, मग १, खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, पेज-डाउन असे न बघता दाबतो. त्याचे डोळे नोटांवर आणि स्लिपवर असतात. हाच भरणा नव्या पानावर तीन टॅब, दोन ड्रॉपडाउन आणि माउसच्या चार टिचक्यांचा झाला, तर पगाराच्या किंवा ऊसबिलाच्या दिवशी रांग दाराबाहेर जाते आणि दोष कर्मचाऱ्याच्या वयाला दिला जातो. हा अन्याय आहे. त्याच्या हाताचा वेग ही संस्थेची कमाई आहे आणि नव्या प्रोग्रॅमने ती राखलीच पाहिजे.

वेगापेक्षा चुका जास्त महाग पडतात. क्लिपर आणि फॉक्सप्रोत कंट्रोल-डब्ल्यू दाबले की नोंद जतन होऊन पडदा बंद होतो. ब्राउझरमध्ये त्याच कळा टॅब बंद करतात आणि नोंद जाते. एफ१, एफ३, एफ५ या कळा वेबपान अडवू शकते. साध्या खिडकीत कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-एन, कंट्रोल-टी अडवता येत नाहीत. म्हणून जतन करण्यासाठी पेज-डाउन किंवा एफ१० ठेवावे, अर्धवट नोंद असताना पान बंद होऊ लागले तर ब्राउझरने विचारावे अशी सोय करावी, आणि मसुदा सर्व्हरवर राखून ठेवावा.

एंटरचेही तसेच. जुन्या पडद्यावर एंटर पुढच्या रकान्यात नेतो; वेबच्या फॉर्ममध्ये तो थेट फॉर्म पाठवतो, म्हणून पहिल्याच दिवशी अर्धवट पावत्या तयार होतात. रकमेच्या रकान्याला एचटीएमएलचा 'नंबर' प्रकार दिला असेल तर खाली-बाण दाबल्यावर रक्कम एकने कमी होते. आपला कर्मचारी पुढच्या ओळीत जायला खाली-बाणच दाबतो! ५,००० ची नोंद ४,९९९ होते आणि संध्याकाळी रोख जुळत नाही. रकमेचा रकाना साध्या मजकुराचा ठेवून अंकांची तपासणी प्रोग्रॅमनेच करावी.

आणखी एक सवय कागदोपत्री कुठेच नोंदलेली नसते. डॉसचा कीबोर्ड १५ कळा साठवून ठेवतो आणि क्लिपरची स्वतःची साठवण वेगळी. पडदा उमटण्याआधीच कर्मचारी पुढचे आकडे दाबून मोकळा होतो आणि ते योग्य रकान्यांत जाऊन बसतात. वेबपान उघडेपर्यंत दाबलेल्या कळा हरवतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्या रकान्यात पडतात. उपाय अवघड नाही. दर नोंदीला पूर्ण पान नव्याने उघडू नये, आणि रकाना तयार होईपर्यंत आलेल्या कळा रांगेत धरून मग क्रमाने सोडाव्यात. पण हे आधी सांगितले नाही तर कोणी करत नाही.

नेट अडखळले, कर्मचाऱ्याने 'सेव्ह' पुन्हा दाबले आणि एका भरण्याच्या दोन पावत्या झाल्या, हा पुढचा नेहमीचा प्रकार. प्रत्येक कोऱ्या फॉर्मला उघडतानाच एक वेगळा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास डेटाबेसनेच नाकारावा. बटण करडे करून ठेवणे पुरेसे नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये एकाने खाते उघडले की नोंदीला कुलूप लागत असे. वेबवर दोघे एकच खाते उघडतात आणि नंतर जतन करणाऱ्याची माहिती आधीच्याची पुसून टाकते. त्यासाठी नोंदीवर आवृत्ती क्रमांक ठेवावा. मधल्या वेळेत तो बदलला असेल तर जतन करू न देता नवी स्थिती दाखवावी.

दिवसअखेर आणि व्याज आकारणी ब्राउझरच्या बटणाशी थेट जोडू नये. एनजिन्क्स हा प्रचलित वेब-सर्व्हर मागच्या प्रोग्रॅमकडून ६० सेकंद काही आले नाही तर, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, संबंध तोडतो. कर्मचाऱ्याला त्रुटीचा संदेश दिसतो. आत मात्र आकारणी चालूच असते. तो पुन्हा बटण दाबतो आणि व्याज दोनदा लागते. असे काम पार्श्वभूमीवर चालले पाहिजे, आणि एका खातेप्रकाराला एका कालावधीसाठी एकदाच व्याज लागेल असे बंधन डेटाबेसमध्ये असले पाहिजे.

आता जुन्या माहितीबद्दल. डीबीएफमध्ये नोंद 'डिलीट' केली तरी ती फाइलमधून जात नाही. तिच्या पहिल्या बाइटमध्ये फक्त तारांकन लागते आणि 'पॅक' करेपर्यंत ती तिथेच राहते. प्रोग्रॅम अशा नोंदी लपवतो. फाइल सरळ उचलणारे साधन कित्येकदा त्याही आणते. रद्द केलेल्या पावत्या मग जिवंत होतात. तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळत नसेल तर पहिली तपासणी याचीच करावी.

डीबीएफमध्ये तारीख आठ अंकांत, आधी वर्ष अशी साठवतात. पण नोंद करताना दोनच अंकी वर्ष घेणाऱ्या क्लिपर प्रोग्रॅमने शतकाची सीमा ठरवली नसेल तर २७ म्हणजे १९२७ होते. मुदत ठेवीची परतीची तारीख ठेव ठेवल्याच्या तारखेआधीची आहे का, एवढ्या एका तपासणीत अशा बहुतेक नोंदी सापडतात. कोऱ्या तारखांच्या जागी १९०० किंवा १९७० घालणारी साधने असतात. तिथे कोरेच राहिले पाहिजे. फॉक्सप्रोत रक्कम रकान्यात मावली नाही की तारांकने साठतात. ती शून्य धरून पुढे जाऊ नये, मूळ पावती काढून पाहावी. आणि पैसे साठवताना जावास्क्रिप्टचे साधे दशांश कधीही वापरू नयेत. तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. रक्कम पैशांत, पूर्णांकात धरावी किंवा डेटाबेसचा डेसिमल प्रकार घ्यावा. व्याजाचे पूर्णांकन जुना प्रोग्रॅम खात्यागणिक करत होता की एकूण बेरजेवर, हेही सोर्स कोडमध्ये पाहून घ्यावे, नाहीतर पैशापैशाचा फरक शेवटपर्यंत छळतो.

मराठीचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथे माणसांची नावे बिघडतात. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे मराठी डॉस आणि युनिक्सच्या मजकुरी पडद्यावर आली. ती इस्की संकेतात, म्हणजे आयएस १३१९४ : १९९१ या मानकात साठवलेली असेल तर नशीब चांगले. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली असल्याने बहुतेक अक्षरे एकास एक जुळतात. अपवाद हलन्ताचे. इस्कीत दोन हलन्त लागोपाठ आले तर पाय मोडलेले अक्षर दाखवायचे असते, आणि हलन्तापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आला तर अर्धे अक्षर. युनिकोडमध्ये या दोन्हींसाठी हलन्तापुढे वेगवेगळी अदृश्य चिन्हे लागतात. हे नियम वगळणारे साधन नावांत भलती जोडाक्षरे करते. माहिती फाँटच्या संकेतात साठवलेली असेल तर काम जास्त आहे. तिथे अक्षराचे आकार दिसतात त्या क्रमाने ठेवलेले असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार शेवटी. उच्चाराच्या क्रमाने ते पुन्हा लावावे लागतात.

बदल झाल्यावर सभासद यादीतून कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे अशी आडनावे मुद्दाम काढून पाहावीत. साधा र घेणारे साधन 'कुर्हाडे' करून ठेवते. दुसरी परीक्षा 'ॲड.' या उपाधीची. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी, आणि काही कीबोर्डवर अजूनही, अ पुढे अर्धचंद्र लावून ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, शोधताना एक सापडते आणि दुसरे नाही. युनिकोडच्या प्रमाणित एकरूपीकरणातही ही दोन रूपे एक होत नाहीत. त्यामुळे जतन करताना आणि शोधताना दोन्हीकडे तोच बदल प्रोग्रॅमने करावा.

यादीचा क्रम संकेतांकानुसार लावला तर ळ लगेच ल नंतर येतो आणि क्षीरसागर 'क'च्या पोटात शिरतात. मराठीत ळ ह नंतर, मग क्ष आणि ज्ञ. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये मराठीचा क्रम निवडता येतो. तो रकाना तयार करतानाच निवडावा. ब्राउझरला मराठी पद्धतीने आकडे मांडायला सांगितले तर तो देवनागरी अंक देतो. ते दिसायला चांगलेच आहे, पण तोच मजकूर पुन्हा संख्या म्हणून वाचायला गेले की जावास्क्रिप्ट 'संख्या नाही' म्हणते. दाखवायचा आकडा आणि हिशेबाचा आकडा वेगळे ठेवावेत.

छपाईबाबत थोडक्यात. जुना प्रोग्रॅम डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला थेट अक्षरे आणि संकेत पाठवतो. १५ पाठवले की बारीक अक्षरे, १८ पाठवले की पूर्ववत. ब्राउझर तेच पान चित्र म्हणून पाठवतो. छपाई मंदावते, समास सरकतात आणि पासबुकात ओळीवर ओळ पडते. काउंटरवरच्या संगणकावर एक छोटा छपाई-सेवक प्रोग्रॅम बसवून वेबपानाने त्याच्याकडे मजकूर द्यावा आणि त्याने तो थेट प्रिंटरला पोहोचवावा. मात्र साध्या प्रिंटरमध्ये देवनागरी नसते, म्हणून नावाचे पान चित्ररूपात आणि व्यवहाराच्या ओळी अक्षररूपात अशी विभागणी करावी लागते. शेवटची छापलेली ओळ नोंदवून ठेवण्याची सोय नव्या प्रोग्रॅममध्ये आहे का, हे प्रत्यक्ष पासबुक घालून पाहावे.

सुरक्षेचे एकच सांगतो. जुन्या यंत्रणेत शिरायला त्या खोलीत बसावे लागे, तेवढीच तिची तटबंदी होती. कित्येक प्रोग्रॅममध्ये पासवर्ड डीबीएफमध्ये उघडे लिहिलेले असतात. ते तसेच नव्या यंत्रणेत आणू नयेत, प्रत्येकाला नवीन द्यावेत. मधल्या काळात टर्मिनल दूरवरून वापरायचे असेल तर २३ क्रमांकाच्या पोर्टवरचे टेलनेट बंद करून एसएसएच ही सांकेतिक रूपात माहिती नेणारी जोडणी वापरावी, कारण टेलनेटवर पासवर्डही उघडाच जातो.

नवी यंत्रणा १ एप्रिलला सुरू करण्याची हौस सगळ्यांना असते. त्या आठवड्यात वर्षअखेर, वसुली आणि लेखापरीक्षणाची तयारी एकत्र येते, त्यामुळे तो सर्वांत वाईट मुहूर्त आहे. साखर कारखान्याने गळीत हंगामात हात लावू नये. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी-शेजारी किमान एक पूर्ण महिनाअखेर आणि एक व्याज आकारणी होईपर्यंत चालवावेत. रोज संध्याकाळी रोजकीर्द आणि तेरीज जुळवावी, पण तेवढ्यावर थांबू नये. दोन चुका एकमेकींना झाकतात. खात्याखात्याची शिल्लक शेजारी लावून फरकाची यादी काढावी. ती कोरी येईपर्यंत जुना प्रोग्रॅम हाच अधिकृत.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा तो आराखडा होता. त्यात समाईक सॉफ्टवेअर आहे, संस्थेला पडदे निवडायचे नाहीत. तरी जुन्या शिलका, नावे आणि तारखा बरोबर गेल्या की नाहीत हे सचिवालाच पाहावे लागते, म्हणून वरच्या तपासण्या तिथेही तितक्याच लागू आहेत.

स्वतः करार करणाऱ्या संस्थांनी त्यात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. भरणा, उचल, कर्जहप्ता आणि नवे खाते या व्यवहारांना आज किती कळा आणि किती सेकंद लागतात ते मोजून त्याच कर्मचाऱ्याकडून नव्या प्रोग्रॅमवर चाचणी, आणि त्यावर शेवटचा हप्ता. पूर्ण सोर्स कोड संस्थेच्या ताब्यात. सगळी माहिती संस्थेला हवी तेव्हा सीएसव्हीसारख्या खुल्या रूपात काढण्याची सोय. आणि माहिती स्थलांतराच्या फरकांची यादी पुरवठादाराच्या सहीनिशी.

जुना संगणक भंगारात देऊ नये. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली प्रकरणांत अनेक वर्षांपूर्वीचा खातेउतारा सादर करावा लागतो आणि तो मूळ प्रोग्रॅममधून निघालेला असला तर वाद कमी होतात. त्या संगणकाची पूर्ण प्रत आभासी यंत्राच्या रूपात, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या आत चालणाऱ्या संगणकासारखी, घ्यावी, तिला नेटवर्क जोडू नये, एक प्रत कार्यालयात आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, आणि दर सहा महिन्यांनी ती उघडून कोणत्याही एका जुन्या कर्जखात्याचा उतारा छापून पाहावा.

आपला,
सहकारी संस्थांच्या संगणक प्रणालींवर काम करणारा एक वाचक